गवताचं भाडं

९ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते: अनेक आशीर्वाद. मनापासून आहेत का ते विचारू नकोस. भाडं भरायच्या आठवड्यात माणसाच्या मनाची चौकशी करू नये.

तुझ्या कारभाऱ्याने कुरणाचा नवा करार आणून दिला. आता भाडं जमिनीवर नाही, डोक्यांवर. किती घोडे चरतात ते मोजायचं आणि तेवढ्याने गुणायचं. मी विचारलं, "सावळीचंही डोकं धरलंत का? तिच्या पाठीवर आता कोणी बसत नाही. ती पेन्शनीत आहे." तो म्हणाला, "मॅडम, करारात पेन्शनीचं कलम नाही." माणूस हजरजबाबी आहे. तुझी निवड चुकलेली नाही.

बाबांनी वाटणी केली तेव्हा घोडे मला दिले आणि कुरण तुला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला भ्रम झाला. भ्रम नव्हता. त्यांना वाटलं, ही दोघं भांडली तरी एकमेकांना सोडून जाणार कुठे, घोड्याला गवत लागतं आणि गवताला घोडा. इथेच त्यांच्या घोड्याने पेंड खाल्ली. घोड्याला गवत लागतं हे खरं, पण गवताला घोडा लागत नाही. तू समुद्रापलीकडे जाऊन बसलास आणि कुरणाला काहीच कळलं नाही.

आणि भाडं मागतोस ते कशाचं? ये आणि बघ. कुरण कसलं, टक्कल आहे. काड्या, काटे, मध्येच एखादा झुपका. घोडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत वणवण करतात तेव्हा कुठे अर्ध्या पोटाला मिळतं. चार घोडे, त्यातले तीन कमावते, आणि रपेट शिकायला येणारी मुलं परीक्षा आली की गायब. नाकापेक्षा मोती जड झालाय. गेल्या वर्षी हेच लिहिलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. तू दर वर्षी थोडं कमी करतोस. यंदाही कर.

"ये आणि बघ" हे आपलं बोलायची पद्धत म्हणून लिहिलं. खरंच ये असं नाही. तिकिटं महाग असतील.

ताई

६ एप्रिल

बारक्या,

हे काय केलंस?

तुझा कारभारी ट्रॅक्टर घेऊन आला, कुरण उभं-आडवं नांगरलं, बी पेरलं, पाण्याचे फवारे लावले. मला सांगितलं, उगवेपर्यंत घोडे आत आणायचे नाहीत. उगवेपर्यंत घोड्यांनी काय खायचं हे त्याच्या कागदात नव्हतं. मी विकतचं सुकं गवत आणून पागेतच घातलं. भाडं मात्र चालू होतं, कारण डोकी चालू होती.

आता उगवलंय. पायाच्या घोट्याच्या वर आलंय, हिरवंगार, मऊ, सकाळी त्यातून चाललं की चपला चिकट होतात. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघतात. कारभारी तर असा उभा राहतो जणू काही त्यानेच अंकुर फुंकर मारून वर काढले. आणि हातात नवा कागद: "सुधारलेलं कुरण, सुधारलेला दर."

दराचं नंतर बोलू. आधी माझं ऐक, कारण हे तुला ठाऊक असायला हवं होतं आणि तू विसरलास. हे गवत गाईचं आहे. गाईला दूध द्यायचं असतं म्हणून तिला असलं रसाळ लागतं. घोड्याचं पोट काड्यांसाठी केलेलं आहे. त्याने चालावं, शोधावं, चावावं, पुन्हा चालावं. रसाळ गवतात साखर असते, आणि ती घोड्याच्या पायात उतरते. खूर आतून तापतं, सुजतं. खुराला बाहेरून कवच आहे, सूज जाणार कुठे? जनावर उभं राहू शकत नाही, आणि घोड्याला उभं राहता आलं नाही की संपलं. बाबा आपल्या दोघांना पागेच्या पायरीवर बसवून हे सांगायचे. मी ऐकायचे. तू बहुतेक पायऱ्या मोजत असायचास.

आता झालं ते झालं. माझं एकच मागणं आहे. कुरणाचा एक कोपरा मला खरवडून उघडा करू दे, नुसती माती. त्याला दोराचं कुंपण घालते. घोडे दिवसभर तिथे उभे राहतील, मी त्यांना सुकं गवत पाण्यात भिजवून घालीन आणि सकाळी थोडा वेळच हिरव्यात सोडीन. सावळीला तेवढंही नाही. वयाने तिच्या मानेवर चरबी आली आहे, अशांना हे दुखणं आधी धरतं.

दर तुझ्या मनाला येईल तो लाव. पण कोपरा दे.

ताई

२२ एप्रिल

बारक्या,

उत्तर मिळालं. तुझ्या कारभाऱ्याच्या तोंडून. तुझे शब्द तो कागदावरून वाचून दाखवत होता आणि मी घोड्याला खरारा करत होते, म्हणून बरं, हाताला काम होतं.

"गवत नव्हतं तेव्हा ताई रडत होती. गवत आलं तर गवत आलं म्हणून रडते. दर कमी होणार नाही."

मग तो म्हणाला, "आणि मॅडम, माती उघडी करायची नाही. कुरणाचं नुकसान होईल असं काही करायचं नाही, सातवं कलम."

ऐक. दर वर्षी मी जे लिहिते ते भाडेकरूचं बोलणं असतं. भाजी घ्यायला गेलं की वांगी किडकी आहेत म्हणायचं असतं, म्हणून कोणी वांगी फेकून देत नाही. तू समोर असतास तर माझ्या तोंडाकडे बघून हसला असतास, पाच टक्के सोडले असतेस आणि चहा मागितला असतास. तू समोर नाहीस म्हणून माझं प्रत्येक वाक्य तुला खरं वाटतं. जे एकच वाक्य खरं होतं ते सोडून.

मी दोराचं कुंपण घातलंच आहे. माती उघडी केलेली नाही, फक्त कडेची एक पट्टी दोराने तोडली आणि घोड्यांनी पायांनी तुडवून ती आपोआप उघडी केली. घोड्यांनी करार वाचलेला नाही. तेव्हा सध्या मी गवताचं भाडं भरते आणि घोड्यांना गवतापासून लांब ठेवण्यासाठी दोर विकत घेते. शिकायला येणाऱ्या एका मुलाच्या आईने विचारलं, "एवढं छान गवत समोर असताना यांना कोंडून का ठेवता?" मी म्हटलं, "पथ्य आहे." तिला वाटलं मी चिडले. चिडलेच होते.

कमावत्या तिघांतल्या करड्याला विकलं. एक डोकं कमी करायला हवं होतं. चांगल्या घरी गेला.

ताई

६ मे

बारक्या,

सावळीचे पुढचे दोन्ही पाय गेले आहेत.

कसं झालं ते लिहिते, म्हणजे पुन्हा कागदावरून वाचून दाखवायला सोपं जाईल. चार दिवसांपूर्वी दुपारी मी रिंगणात मुलांना शिकवत होते. कारभारी आला, सातव्या कलमाप्रमाणे कुंपण काढलं, दोर व्यवस्थित गुंडाळले, पागेच्या दाराशी ठेवले आणि वर चिठ्ठी: "आपलं सामान परत केलं आहे." दोरांची वेटोळी इतकी नीट होती की मला आधी वाटलं कोणीतरी मदत करून गेलंय. मग मान वर करून पाहिलं. सावळी कुरणाच्या मधोमध, मान खाली, गवतात तोंड बुडवून. पोट नगाऱ्यासारखं. मी हाक मारली तर तिने कान फिरवला, मान उचलली नाही. तिच्या आयुष्यात तिला एवढं चांगलं जेवण मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढचे पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती. तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहावं तशी. नालबंद आला. तुला तो आठवत असेल, आपल्या बाबांच्या वेळचा, कमरेतून वाकला की पुन्हा सरळ व्हायला वेळ लागतो. त्याने खुरावर नुसता तळहात ठेवला आणि काढला. मला म्हणाला, "ठेव हात." चहाच्या भांड्याइतकं गरम. म्हणाला, "ही कुठे चरली?" मी बोट दाखवलं. तो कुरणाकडे बघून एवढंच म्हणाला, "अरेरे, मालकाने खर्च केलाय की."

बाकीचे दोघे रोज घाम गाळतात, ते बचावले. पाय जरा जड आहेत, पण चालतात.

सावळीच्या पायाखाली जाड वाळू घातली आहे. बादलीत पाय बुडवते, सुकं गवत भिजवते, जनावरांच्या डॉक्टरीणबाई रोज येऊन सुई देतात. त्यांनी खुराचे एक्स-रे काढले. खुरातलं हाड सरकायला लागलंय. खाली सरकलं तर तळव्यातून बाहेर येतं. त्या म्हणाल्या, आठवडाभर बघू.

मी तुला काही मागत नाहीये. तुझा घोडा नाही, तुझं गवत आहे. पण ती तुला ओळखते. बाबा गेल्यावर आलास तेव्हा तिने सगळ्या माणसांतून येऊन तुझा खिसा हुंगला होता. माझा तिने कधी हुंगला नाही, माझ्याकडे काय असतं ते तिला पाठ आहे.

विमानं रोज असतात म्हणे.

ताई

१६ मे

बारक्या,

काल सकाळी सावळीला कायमचं झोपवलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरचं कोणी यायचंय का? थांबायचं का थोडं?" मी म्हटलं, "कोणी नाही." मग त्या बॅग उघडेपर्यंत मी दोनदा रस्त्याकडे पाहिलं. नालबंदाने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. त्याच्याकडे ते सौजन्य आहे.

तिला पागेतून बाहेर काढायलाच बराच वेळ लागला. प्रत्येक पावलाला ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची, हे खरंच करायचंय का, असं. घोड्याला पडायला जागा लागते, म्हणून बाहेरच न्यावं लागतं. मी तिच्या मानेखाली हात घातला होता. वजन एकदम आलं, मग जमिनीवर गेलं. मी ओक्साबोक्शी रडले. या वयात, शिकायला आलेल्या मुलांसमोर. एका लहान मुलीने मला तिचा रुमाल दिला, तो अजून परत करायचाय.

तिला कुरणात पुरायचं होतं. सातवं कलम. मी विचारलंसुद्धा नाही. पालिकेचा ट्रक आला, साखळी लावली आणि घेऊन गेला.

संध्याकाळी तुझा कारभारी आला. टोपी हातात. मला वाटलं आता डोकी मोजायला आलाय. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला हे माहीत नव्हतं. मी आयुष्यभर गाईवाल्यांचीच कुरणं बघितली." मग तो म्हणाला, "साहेबांनाही माहीत नसणार. बियाण्याचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले. म्हणाले, बहीण दर वर्षी लिहिते की घोडे अर्धपोटी आहेत, सगळ्यात चांगलं असेल ते घाला. दर वाढवला तो मी. सगळीकडे तसाच वाढतो. त्यांनी बाकीच्या कागदांबरोबर सही केली."

मी त्याला बसायला सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

बारक्या, मला वाटत होतं तू लोभी आहेस. लोभी माणसाशी भांडता येतं. मी वर्षानुवर्षं भांडतच होते आणि माझं बरं चाललं होतं. आता हे कळल्यावर मी काय करू? तू माझं पत्र वाचत होतास, घोडे उपाशी आहेत म्हणून तुला वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्यातून तू माझी घोडी मारलीस. एक फोन केला असतास तर, "ताई, कोणतं गवत टाकू?" एवढंच. चार शब्द.

आणि करड्या चांगल्या घरी गेला असं लिहिलं होतं. घर मी पाहिलेलं नाही. दलालाने सांगितलं, मी ऐकलं.

ताई

३ जुलै

बारक्या,

तुझ्या हातचं पत्र मिळालं. तुझं अक्षर बाबांसारखं झालंय, पाकीट बघून मी क्षणभर भिंतीला टेकले. कारभाऱ्याला काढून टाकतो, लिहितोस. नको काढूस. तो कागदाप्रमाणे वागला. आणि एवढ्या सगळ्यात माझ्या दारात येऊन उभा राहिला तो तोच.

भाडं कायमचं माफ, असंही लिहितोस. बैल गेला आणि झोपा केला. घोड्यांच्या बाबतीतही म्हण तीच चालते. माफ केलेलं कुरण घेऊन मी काय करू? ते गवत आता उपटून निघणार नाही. तू फुकट दिलंस म्हणून त्यातली साखर कमी होणार आहे का?

मी नवी जागा घेतली आहे. दगडाच्या खाणीमागची टेकडी. मालक खाणवाला, हिशोबी पण सरळ. मी चरायला जागा मागितली तेव्हा त्याने मला वेड्यात काढलं.

"इथे काय उगवतं, बाई?"

"काही नाही."

"मग भाडं कशाचं देता?"

"त्याचंच."

तो बराच वेळ हसला. मग दर सांगितला आणि मी सवयीने म्हटलं, "एवढ्या दगडांना?" त्याने लगेच थोडा कमी केला आणि पाणी पाजलं. बघ, एवढंच असतं ते.

दोघांना तिकडे नेलंय. दिवसभर उतारावर चढतात, दगडांतली पात शोधतात, पुन्हा चढतात. नालबंद महिन्याने येऊन गेला, खुरं थंड आहेत म्हणाला. धंदा अर्धा झालाय, टेकडीवर मुलांना आणायला आयांना जिवावर येतं. पण घोडे ठीक आहेत. टेकडीवर चढून मी रोज धापा टाकते आणि त्यांना मजेत बघते.

करार पुढे चालवणार नाही. कुरणाची किल्ली कारभाऱ्याकडे दिली. भाड्याबरोबर पत्र जायचं, आता भाडं नाही तेव्हा लिहायलाही काही निमित्त उरलेलं नाही. मला हे सुटेल असं वाटलं नव्हतं. सुटलं.

ताई

१९ सप्टेंबर

बारक्या,

लिहिणार नव्हते. पण तुला वाटत असेल की मी घरी नव्हते, आणि ते खोटं तुझ्याकडे राहायला नको.

गुरुवारी तू आलास ते मी टेकडीवरून पाहिलं. खाली माझ्या घराच्या फाटकापाशी गाडी थांबली, तू उतरलास. आधी ओळखलं नाही, केस पार पांढरे झालेत आणि चालताना डावा पाय ओढतोस. कधीपासून? मला कोणी सांगितलं नाही. तू कडी वाजवलीस, दोनदा हाक मारलीस. वारा माझ्याकडे होता, "ताई" मला नीट ऐकू आलं. मग गाडीतून एक पोतं काढलंस, कोणाची मदत न घेता फाटकाशी आणलंस, पुसलंस, सरळ उभं केलंस. मग कितीतरी वेळ बसून राहिलास. मी हलले नाही. घोडा पुढे झाला तर त्याचा कान धरून मागे ओढला.

का खाली आले नाही ते सांगते. खाली आले असते तर तुझा पाय पाहिला असता, चहा टाकला असता, आणि तुझ्या बायकोची चौकशी करता करता सगळं माफ केलं असतं. मग सावळीबद्दल या जगात कोणाला राग राहिला नसता. तिला पुरायला जागा मिळाली नाही, निदान माझ्या मनात तरी तिच्यासाठी एक जागा राहू दे, असं वाटलं.

तू गेल्यावर उतरले. पोत्यावर घोड्याचं चित्र होतं. महागडं, परदेशी. "कमजोर व वयस्क घोड्यांसाठी, गूळयुक्त." दातांनी दोरा तोडून हात घातला. गोड वास, बोटं चिकट.

मी फाटकाला धरून हसले आणि मग हसणं थांबलं. एवढं सगळं झालं, दोनदा लिहून कळवलं की साखर त्यांना मारते, आणि तू समुद्र ओलांडून, दुखरा पाय घेऊन, माझ्या दारात गुळाचं पोतं ठेवून गेलास. दुकानदाराने सांगितलं असेल, सगळ्यात चांगलं हेच. आणि तू, नेहमीसारखं, सगळ्यात चांगलं घेतलंस.

पोतं गाईवाल्याला दिलं.

तू वाईट नाहीस, बारक्या. वाईट असतास तर मला किती सोपं झालं असतं. तू न विचारता चांगलं करतोस, जीव तोडून करतोस, आणि माझ्याकडे आता दोनच घोडे उरलेत. मला ते परवडत नाही.

पाय दाखवून घे.

ताई